वाडीतल्यांनीच जमिनी विकल्या, आता अडवायचं कुणाला?

पत्र

नमस्कार. मी जावळी तालुक्यातल्या एका वाडीत राहते. साठेक उंबरे, त्यातले निम्मे बंद. माणसं मुंबईला. माझे यजमानही माथाडीत आहेत. वाडीच्या वर सडा, म्हणजे खडकाळ पठार आहे, त्याच्याखालच्या उतारावर पुण्याच्या एका पार्टीने सलग जमीन घेतली. आता पोकलेन लावून डोंगर फोडणं चालू आहे. रिसॉर्ट आणि बंगल्यांचे प्लॉट होणार म्हणतात. झऱ्यावर आणि सड्यावर गुरं न्यायची आमची वाट होती, तिला तारेचं कुंपण पडलं. ग्रामपंचायतीने ना हरकत दिलेली आहे. कुणी बोललं की म्हणतात, विकासाला आडवी आली. तरणी पोरं म्हणतात, काकी, कामं मिळतील, तुम्ही मधे पडू नका. आणि खरं सांगायचं तर या जमिनी जमवून देणारा माझा सख्खा दीरच आहे. मला वाटतं ग्रामसभेत ठराव करावा की बाहेरच्याला जमीन विकायची नाही, सगळ्या घरांना कौलंच हवीत, गाव होतं तसं राहावं. हे चुकीचं आहे का? सुरुवात कुठून करू?

— एक सूनबाई, जावळी

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या मनात आहे ते चुकीचं नाही. पण "गाव होतं तसं राहावं" असं ग्रामसभेत म्हणालात की तुम्ही तिथेच हरलात. पहिलाच पोरगा उठून विचारेल, कसं होतं? आजारी माणसाला डालग्यात घालून रस्त्यापर्यंत न्यायचो, तसं? आणि त्याला उत्तर देता येणार नाही. रस्ता, दवाखाना, मोबाईलची रेंज तुम्हालाही हवीच आहे. पत्रात त्याविरुद्ध एक अक्षर नाही. तुमची तक्रार पाण्याची, वाटेची आणि डोंगराच्या उताराची आहे. या तिन्ही गोष्टी मोजता येतात आणि तिन्हींना कायद्यात जागा आहे. गावपणावर भाषण केलं तर साहेब मान डोलावतील आणि पुढची फाईल उघडतील.

आधी वाटेचं बघा, कारण तिथे मुदत आहे. कुंपण कधी पडलं ते मला तुम्ही कळवलेलं नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ मधल्या कलम ५ खाली शेतीची, गुरचरणीची किंवा पाण्याची वहिवाटीची वाट कुणी अडवली तर तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतात. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लागतो. तेवढे दिवस उलटले की हा सोपा रस्ता बंद होतो आणि दिवाणी न्यायालय गाठावं लागतं, म्हणजे पुढची काही वर्षं कोर्टाच्या तारखांत. म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून या आठवड्यात तालुक्याच्या ठिकाणी, मेढ्याला जा. भूमी अभिलेखमधून गावनकाशाची नक्कल काढा. त्यावर वाट दाखवलेली असली तर उत्तमच. नसली तरी वहिवाट सिद्ध करता येते. ज्यांनी जन्मभर त्या वाटेने गुरं नेली अशा म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाब घ्या, कुंपणाचे तारखेसह फोटो काढा. स्थळपाहणीला अधिकारी येतील त्या दिवशी वाडीतली माणसं जाग्यावर हवीत. एकट्या तुम्ही उभ्या राहिलात तर भांडण तुमचं आणि त्या पार्टीचं ठरेल. तसं होऊ देऊ नका.

आता पाणी. सड्याला सातबाऱ्यावर बहुतेक ठिकाणी पोटखराबा लिहिलेलं असतं. काही पिकत नाही म्हणून खराबा, आणि खराबा म्हणून स्वस्त. पण जांभ्याच्या सड्यावर चार महिने पडलेला पाऊस फटींतून आत मुरतो आणि पायथ्याच्या झऱ्यांतून हळूहळू बाहेर येतो. तुमचा झरा मे महिन्यात वाहतो तो याच मुरलेल्या पाण्यावर. वरचा उतार फोडून तिथे काँक्रीट ओतलं, तलाव बांधला आणि दोन-चार बोअर मारली, तर खालच्या झऱ्याचं काय होईल हे कुणी आधी सांगू शकत नाही. नंतर "झरा आटला" असं तुम्ही म्हणालात तर ते म्हणतील, पाऊसच कमी झाला.

त्यावर उपाय एकच, आजपासून मोजायला लागा. हंडा झऱ्याखाली धरायचा, मोबाईलवर वेळ लावायची, किती सेकंदांत भरला ते वहीत लिहायचं, खाली दोघी-तिघींच्या सह्या. दर महिन्याला एका ठरलेल्या तारखेला. बचत गटाची बैठक असते तोच दिवस धरा म्हणजे विसर पडणार नाही. ही वही उद्या तहसीलदारांपुढे किंवा पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या हरित न्यायाधिकरणापुढे पन्नास सह्यांच्या निवेदनापेक्षा जास्त बोलेल. दुसरं, झरा सार्वजनिक पिण्याच्या पाण्याचा स्रोत म्हणून ग्रामपंचायतीच्या दप्तरात आहे का ते तपासा. नसेल तर नोंदवून घ्या. महाराष्ट्राच्या भूजल कायद्याप्रमाणे अशा स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येत नाही. दप्तरात नोंद नसली तर तुमचा झरा सरकारच्या लेखी नुसता ओलावा.

ना हरकतीला तुम्ही जरा जास्तच घाबरलात. ग्रामपंचायतीची ना हरकत म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. गावठाणाबाहेरच्या बांधकामाची परवानगी सरपंचांच्या हातात नसतेच. ती महसूल, नगररचना किंवा त्या भागासाठी नेमलेलं नियोजन प्राधिकरण देतं. तेव्हा कागद मागवा: त्या गट नंबरांचा झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी ठरवली आहे त्याचा), बांधकाम परवानगी आणि मंजूर नकाशा, बिनशेतीचा आदेश, मुरूम-दगड काढायची गौण खनिजाची परवानगी. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर यायला हवं. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द चालतात, म्हणून सगळी गाऱ्हाणी एका कागदावर ओतू नका, विषयागणिक अर्ज करा. एक अर्ज ग्रामपंचायतीकडेही: ना हरकत कोणत्या सभेत, कोणत्या ठरावाने दिली, त्या इतिवृत्ताची नक्कल. बहुतेक वेळा ती मासिक सभेत सात-आठ सदस्यांच्या सहीने दिलेली असते आणि ग्रामसभेला पत्ताही नसतो. (ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठ्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. अर्जावर नवं पद लिहा, समोर भाऊसाहेब म्हटलं तरी कुणी रागावत नाही.)

उताराचंही बघून घ्या. विकास नियमावलीत एकास पाच किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे. म्हणजे पाच फूट आडवं गेल्यावर जमीन एक फूट वर चढत असेल तर ती जागा बांधायची नाही. मंजूर नकाशात उतार काय दाखवलाय आणि जाग्यावर काय आहे, हे एखाद्या सर्व्हेअरकडून ताडून घ्यायला फार खर्च येत नाही. फोडलेला राडा, म्हणजे माती-दगड कुठे टाकतात तेही पहा. ओढ्यात ढकलत असतील तर त्याचे फोटो आजच हवेत, पावसाळ्यात सगळं वाहून जातं. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. तिथे कारण अतिवृष्टीचं होतं; पण आपल्या डोंगरांना किती सोसतं याचा अंदाज त्या रात्रीने दिला आहे. तहसीलदारांना अर्ज लिहाल त्यात ही तीन गावं आवर्जून घाला.

या सगळ्यातून असंही निघू शकतं की त्यांचे कागद चोख आहेत. मग काम थांबणार नाही, हे आत्ताच मनाशी धरून ठेवा. तेव्हा मागायचं ते परवानगीतल्या अटींचं पालन: सांडपाणी कुठे सोडणार, पाणी कुठून आणणार, झाडं किती तोडली, वाट किती रुंद मोकळी ठेवणार. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकरला देशभर मनाई आहे, ती लग्नाच्या डीजेलाही लागू आहे. पर्यावरणाचं खरंच नुकसान होत असेल तर पुण्यात हरित न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे. तिथेही कारण घडल्यापासून साधारण सहा महिन्यांची मुदत असते.

आता ठरावाकडे येते. बाहेरच्याला जमीन विकायची नाही असा ठराव कोर्टात एक दिवसही टिकणार नाही. सातबारा ज्याच्या नावावर, विकायचा हक्क त्याचा. कायदा एवढंच म्हणतो की शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. कूळकायद्याचं ते कलम ६३. पुण्याच्या पार्टीने शेतकरी असल्याचा कोणता दाखला जोडलाय ते फेरफारात, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदीत कळेल, तेवढं जरूर बघा. लोक हिवरे बाजारचं उदाहरण देतात. तिथे जमीन बाहेर न विकण्याचा नियम पाळला जातो हे खरं. पण त्याआधी तिथे पाणी अडलं, जिरलं, शेती परवडायला लागली. विकायची गरज उरली नाही म्हणून नियम टिकला. तुमच्या वाडीत काय आहे? गवे आणि डुकरं नाचणी ठेवत नाहीत, कसायला माणूस नाही, उतारावरची जमीन पडीक. भावकीत हिस्से असे की एकेकाच्या वाट्याला चार-दोन गुंठे. कुणाच्या घरात मुलीचं लग्न, कुणाच्या घरात हॉस्पिटलचं बिल. अशा वेळी रोख पैसे घेऊन माणूस दारात आला तर कुणीही विकेल. विकणाऱ्यांना सभेत लालची म्हणालात तर अर्धी वाडी तुमच्या विरोधात जाईल, आणि ती सगळी तुमच्या घरोब्यातली माणसं आहेत.

त्यापेक्षा आपसात एक बोली करा. ज्याला विकायचंय त्याने आधी वाडीला सांगायचं आणि महिनाभर थांबायचं. तेवढ्यात भावकीतला कुणी किंवा मुंबईला असलेल्या गावकऱ्यांचं मंडळ घेऊ शकतं का ते बघायचं. मंडळ जत्रेला, सभामंडपाला लाखांनी वर्गणी काढतं. झऱ्याच्या वरचे दोन गट राखायला का काढणार नाही? आणि शक्य तिथे विकण्याऐवजी भाडेपट्ट्याने द्यायची. जमीन नावावर राहिली की अटी घालता येतात. याला कायद्याचं बळ नाही, शब्दाचं आहे. पण भावकीत शब्द मोडलेला लक्षात राहतो.

ग्रामसभेच्या ठरावात मग काय लिहायचं? तुम्ही बाईमाणूस म्हणून मागे बसू नका, इथे तुमचंच पारडं जड आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. बहुतेक गावांत ती कागदावरच होते. तुमच्याकडे पुरुष मुंबईत आणि बायका गावात, म्हणजे हजर राहणारे मतदार तुम्हीच. मुंबईकरांची नावं तिकडच्या यादीत असतील तर मे महिन्यात ते कितीही आवाज करोत, ग्रामसभेत त्यांचा हात मोजला जात नाही. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातला कमी आकडा लागतो. मोठ्या गटग्रामपंचायतीत एकट्या वाडीच्या बायकांनी ते होणार नाही, शेजारच्या दोन वाड्या बरोबर घ्या. झरे त्यांचेही आहेत.

ठरावात विशेषणं नकोत. अमुक गट नंबरातला झरा सार्वजनिक स्रोत म्हणून नोंदवावा. त्याच्या वरच्या बाजूच्या गटांना ग्रामसभेत चर्चा झाल्याशिवाय ना हरकत देऊ नये. अमुक ते अमुक वाट गुरांसाठी आणि माणसांसाठी खुली राहील. राडा ओढ्यात टाकू नये. जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी; ती नावापुरती असेल तर नव्याने बसवावी, आणि सडा, देवराई, झरे लोकजैवविविधता नोंदवहीत घ्यावेत. ठराव झाला म्हणून जेसीबी थांबत नाही. पण वरच्या ऑफिसात फाईल फिरते तेव्हा गावाचं म्हणणं तारखेसह, जावक नंबरासह तिच्यात असतं. नक्कल हातात पडल्याशिवाय सभेतून उठू नका.

आणखी एक चौकशी मेढ्याला गेलात की करून या. नवीन महाबळेश्वर गिरिस्थान प्रकल्पासाठी रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलेलं आहे. आधी २३५ गावं होती, पुढे त्यात आणखी गावांची भर पडली. तुमचं गाव यादीत आहे का? असेल तर विकास आराखड्यात तुमच्या सड्यावर कोणता रंग भरलाय, म्हणजे कोणता वापर ठरवलाय हे बघणं त्या एका रिसॉर्टपेक्षा महत्त्वाचं आहे. आराखड्यावर हरकती घ्यायला मुदत असते आणि ती पेपरातल्या बारीक जाहिरातीत निघून जाते. हरकत एकाच मजकुराच्या छापील शंभर प्रतींनी देण्यापेक्षा गट नंबर, झरा, वाट असं नेमकं लिहून दहा जणांनी दिलेली बरी. सुनावणीला मात्र दहाही जणांनी जायचं.

पोरांचं काय, हा प्रश्न राहतोच, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. "कामं मिळतील" म्हणणाऱ्या मुलांना गप्प करू नका, त्यांना विचारा की कोणती कामं. गेटवरचा वॉचमन, बागेतला माळी, खोल्या झाडणं. मॅनेजर पुण्याहून येणार. हे त्यांनाही ठाऊक आहे. दुसरं काही दिसत नाही म्हणून ते बोलतात. दाखवायला तुमच्या जवळच दोन जागा आहेत. कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं. तिथला फुलांचा हंगाम परिसरातल्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती वन खात्याबरोबर चालवते. शुल्क घेते, दिवसाला किती माणसं सोडायची त्याला मर्यादा घालते, गाईड आणि राखणदार तिथलीच पोरं असतात. भांडणं तिथेही आहेत, आणि कासच्या रस्त्याला हॉटेलांची रांग लागलीच. तरी पठारावरचं पर्यटन गावांच्या हातात आहे. दुसरं भिलार. २०१७ मध्ये ते पुस्तकांचं गाव झालं तेव्हा पुस्तकं ठेवायला वेगळी इमारत उभी राहिली नाही, लोकांच्या पडव्या आणि ओसऱ्या वापरल्या. स्ट्रॉबेरीची शेती होती तिथेच राहिली. तुमच्याकडे निम्मी घरं बंद आहेत. त्यातली पाच उघडून झाडूनपुसून पाहुण्यांना दिली, बचत गटाने जेवण केलं, तर डोंगर फोडावा लागत नाही. राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. पण जो नियम रिसॉर्टला तोच आपल्या पोरांच्या होमस्टेला. सांडपाणी, रात्रीचा आवाज, कचरा, सगळं. आपला म्हणून सूट दिलीत तर पुण्याच्या पार्टीने तोच मुद्दा उचलायला वेळ लागणार नाही.

कौलांचं मात्र सोडून द्या, ताई. दरवर्षी पावसाळ्याआधी कौलं शाकारायला माणूस मिळत नाही, वानरं फोडतात ती वेगळीच. एकट्या राहणाऱ्या म्हातारीने पत्रा घातला तर तिला ग्रामसभेत उभं करणार का? शहरातल्या पाहुण्याला कौलारू घर फोटोत छान दिसतं; ते शाकारायला तो येत नाही.

राहिला दीर. त्याच्याशी भांडू नका आणि सभेत त्याचं नाव घेऊ नका. कोणता गट कुणाचा, कुणाचा हिस्सा वाटपाविना अडकलाय, कुणी इसार (आगाऊ रक्कम) घेतलाय आणि खरेदीखत व्हायचंय, हे सगळं वाडीत त्याच्याइतकं कुणाला माहीत नाही. इसारावर थांबलेले व्यवहार किती, हे कळणं तुम्हाला आत्ता सगळ्यात गरजेचं आहे, कारण तिथे अजून बोलता येतं. रात्री जेवायला बोलवा, यजमान मुंबईहून आलेले असतील तेव्हाच. गोष्ट झऱ्यापासून काढा. त्याच्या घरचा नळही त्याच पाण्यावर असणार. दलाली किती मिळाली ते विचारू नका. अजून कोणते गट निघालेत तेवढं विचारा आणि वहीत लिहून ठेवा.